दातांवर ठेवलेली जुडी

ग्रिझल लिडलला राग यायला तसं फार काही लागत नसे. चहा पाणचट झाला तरी यायचा, आणि पाद्रीबुवांनी प्रवचनात गिरणीतल्या बायकांचा उद्धार केला तरी यायचा. पण ते सगळे आल्या पावली परत जाणारे राग. या खेपेचा मात्र मुक्कामालाच आला. हिवाळा सरता सरता घरात शिरला, आणि मे महिना उजाडला तरी चुलीशेजारी ठाण मांडून बसला होता.

कारण नॅन. ही तिची एकुलती एक मुलगी. नवरा कधीच बोटीबरोबर बुडाला होता, त्यामुळे घरात या दोघीच, आणि दोघी वेगवेगळ्या गिरण्यांत कामाला. आमच्या डंडी गावात पोरी जे करतात तेच नॅन करत होती. पॅटुलोच्या गिरणीत ताग पिंजायच्या यंत्रावर होती. एका सकाळी दातेरी रुळांत अडकलेला ताग काढताना तिचा उजवा हात आत गेला, तो मनगटापर्यंत गेलाच. यंत्र चालू होतं. ते नेहमीच चालू असायचं. सफाईसाठी यंत्र थांबवलं की मुकादम आयमाय काढायचा, हे गिरणीतल्या प्रत्येक पोरीला ठाऊक होतं.

पण नॅन इस्पितळात असतानाच गावात वेगळी कथा फिरायला लागली. ती म्हणे यंत्राशेजारी उभी राहून केस मोकळे सोडून विंचरत होती. बट रुळात गेली, ती सोडवायला बयेनं हात घातला. कथा मॅनेजरच्या ऑफिसातून निघाली, पिठाच्या दुकानातून आणि चर्चच्या पायऱ्यांवरून हिंडली आणि घरोघरचे दागिने अंगावर घालून परत आली. कुणी म्हणालं, हातात आरसा होता. कुणी म्हणालं, खिडकीखाली कोणीतरी उभा होता म्हणून तर हा नट्टापट्टा. हात गेला तो गेला, वर नखरेल म्हणून नाव झालं. चोर ती गिरणी, आणि वर शिरजोरही तीच. एका हातानं होण्यासारखी चार कामं गावात होती, पण तिचं नाव ऐकलं की दार लागायचं.

घरी आल्यावर नॅननं पहिलं काम काय केलं, तर डाव्या हातात कात्री घेऊन सगळे केस कापून टाकले. वेडेवाकडे, पार कातडीपर्यंत. तेव्हापासून ती डोक्यावरून शाल ओढून भिंतीकडे तोंड करून बसे आणि विचारल्याशिवाय बोलत नसे.

ग्रिझलला एकच गोष्ट हवी होती. यंत्र चालू ठेवून साफ करायचा हुकूम कुणाचा, हे मंगो पॅटुलोनं स्वतःच्या तोंडानं चार लोकांत सांगावं. दुसरं काही नको. ती दोनदा गिरणीच्या ऑफिसापर्यंत जाऊन आली. दोन्ही वेळा दारवानानं तिला पायरीवरूनच वाटेला लावलं.

आणि मग पॅटुलो निवडणुकीला उभा राहिला.

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि उमेदवाराचं नाक दाबायची सोय आमच्या गावात होती. तिला हेकलिंग म्हणत. लंडनच्या शहाण्यांना वाटतं, हेकलर म्हणजे सभेत मागून ओरडणारा टवाळ. ग्रिझलसमोर कोणी असं म्हटलं असतं तर ती त्याला कान धरून आपल्या घरी घेऊन गेली असती आणि भिंतीवरची तिच्या बापाची हेकल दाखवली असती. हेकल म्हणजे मुळात फणी. जाड लाकडी फळी आणि तिच्यात रोवलेले वीतभर लांब पोलादी दात. जवसाच्या वाखाची जुडी त्या दातांवर आपटायची आणि ओढायची, पुन्हा आपटायची आणि पुन्हा ओढायची. गुंतवळ दातांत अडकते, सरळ चकचकीत वाख हातात येतो. हे काम करायचे ते हेकलर. ग्रिझलचा बाप अँड्र्यू त्यांतलाच. बोटांना कायम भोकं, छातीत कायम धूळ, आणि तोंडाला कुलूप कधीच नाही.

या लोकांची एक रीत होती. कारखान्यात एकानं काम करायचं नाही, नुसतं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचं. त्याच्या वाट्याचा वाख बाकीच्यांनी विंचरायचा. वाचणाऱ्या म्हाताऱ्याची नजर गेली तेव्हा अँड्र्यूनं आपल्या पोरीला गाठोड्यांच्या ढिगावर नेऊन बसवलं. ग्रिझल तेव्हा एवढीशी होती. खटाखट आपटणाऱ्या वीस फण्यांवरून आवाज पोचवायचा, तर ओरडून चालत नाही. ओरडलेलं त्या गोंधळातच विरघळतं. एकसुरी, सपाट, शब्दाशब्दांत जागा सोडून वाचावं लागतं. ते तिला लवकर जमलं. आणि वाचलेलं कुणाला पटलं नाही, मंत्र्याचं असो की महाराणीचं, तर तो हेकलर आपली जुडी दातांवर आडवी टाकून हात बाजूला घ्यायचा. जुडी दातांवर पडली की सगळ्यांनी थांबायचं. सवाल होणार, उत्तर शोधलं जाणार, आणि ज्यानं टाकली त्याचं समाधान होऊन त्यानं स्वतः उचलेपर्यंत एकही फणी हलणार नाही. मालक दारात उभा राहून दात खात असला तरी.

हीच माणसं मत मागायला आलेल्या उमेदवारालाही वाखासारखी दातांवर ओढायला लागली, आणि शब्द कारखान्यातून सभेत गेला. पुढे विंचरायची यंत्रं आली, कारखाने बसले, जवसाच्या जागी ताग आला. शब्द तेवढा सभेत राहिला. उमेदवारानं भाषण करायचं, मग हेकलिंग. मतदारांचे सवाल संपेपर्यंत त्यानं मंचावरून उतरायचं नाही, आणि शेवटी विश्वासाच्या ठरावावर हात वर करून कौल द्यायचा. मतदारांचे सवाल, म्हणजे पुरुषांचे. बायकांनी वरच्या सज्जात बसून ऐकायचं. ज्या पोरीच्या आवाजावर त्यांचे कान तयार झाले, ती आता पन्नाशीची बाई होती आणि तिला तिथे तोंड उघडायची मुभा नव्हती.

म्हणून ती वॉटी इम्रीकडे गेली. वॉटी बापाचा दोस्त, जुन्या हेकलरांपैकी उरलेल्या पाचसहा म्हाताऱ्यांतला एक, आणि सभेतली गावाची जीभ. एका खासदाराला त्यानं असं काही सोललं होतं की तो पुन्हा डंडीत पाय ठेवायला तयार नव्हता. आता त्याच्या दोन्ही मुली पॅटुलोच्या नाही, दुसऱ्या एका गिरणीत जात आणि तो घरी केटल उकळत बसे, तसे गावातले अर्धे पुरुष बसत.

"ये पोरी. चहा टाकतो."

"चहा नको, वॉटीकाका. जीभ हवीय तुमची."

"ती फुकट आहे. चहालाच पैसे पडतात." त्यानं स्टूल पुढे सरकवलं. "पॅटुलोची सभा?"

"त्याला एकच विचारायचं. यंत्र चालू ठेवून साफ करायचा हुकूम कुणाचा? एवढंच. पुढेमागे काही लावायचं नाही."

"नुसतं एवढंच? अगं, हे म्हणजे बटाटा मिठाशिवाय खाल्ल्यासारखं झालं."

"मीठ नको. माझ्या लेकीच्या जखमेवर पडलंय तेवढं पुरे."

वॉटीनं मान खाली घातली. मग सवाल शब्द न् शब्द म्हणून दाखवला. तिनं पुन्हा म्हणायला लावला, त्यानं पुन्हा म्हटला.

"अँड्र्यूच्या पोरीचं काम आहे," तो म्हणाला. "मी मध्ये नाही येऊ देणार काही. शब्द दिला."

"त्या शब्दावरच बसणार आहे मी. मला तोंड असून तिथे चालत नाही."

"आता बायकांना मत नाही, आणि मत नाही त्याला सवाल नाही. हा नियम काय मी केलाय?"

"मोडलाही नाहीत कधी."

वॉटी हसला. त्याला वाटलं ती थट्टा करतेय.

सभेच्या दिवशी संध्याकाळी ग्रिझलनं भिंतीवरची हेकल काढली आणि शालीखाली काखेत धरली. बरोबर का घेतली, हे तिलाही धड सांगता आलं नसतं. बापाला सभेला न्यावं, असं काहीतरी वाटलं एवढंच. दारात वळून बघते तो नॅन मागे उभी. कपाळाच्या खालपर्यंत शाल ओढलेली, पण पायात बूट.

"तू कुठे?"

"मलाही ऐकायचंय," नॅन म्हणाली.

सभागृह गच्च भरलं होतं. खाली टोप्याच टोप्या, वर सज्जात शालीच शाली. पहिल्या बाकावर वॉटी आणि इतर म्हातारे हेकलर बसले होते. तो मानाचा बाक. मंचावर अध्यक्ष म्हणून सरकीच्या पेंडीचा एक व्यापारी, आणि त्याच्या शेजारी मंगो पॅटुलो. माणूस उंच, देखणा, पिकल्या कल्ल्यांचा. राक्षस वगैरे काही दिसत नव्हता. तसा दिसता तर ग्रिझलला सोपं गेलं असतं.

तो उठला आणि हसून म्हणाला, "मित्रहो, आज तुम्ही मला हेकल करणार. म्हटलं, ज्यानं मरायचं त्या हत्याराची ओळख तरी करून घ्यावी. मी पुस्तकं काढून बसलो. हा शब्द फार जुना आहे. डच लोकांकडेही आहे, आणि आपण ज्याला हूक म्हणतो, त्या आकडीचा हा सख्खा चुलतभाऊ. म्हणजे तुम्ही मला अडकवणार, हे हजार वर्षांपूर्वीच ठरलेलं होतं."

पहिला हशा.

"तुमच्या आजोबांची फणी ती हेकल. तिला माझा मुजरा, कारण तिच्यावर हे गाव उभं राहिलं. पण कोंबडा भांडायला उठला की मानेवरची पिसं फुलवतो ना? त्यांनाही हाच शब्द, विंचरलेल्या वाखासारखी दिसतात म्हणून. कुणी हॅकल म्हणतं, म्हणू द्या, नाळ एकच. आपल्या पलटणीच्या टोपीतला लाल तुरा, तोही हेकलच."

इथे खाली टाळ्यांचा कडकडाट झाला. घराघरातलं कोणी ना कोणी त्या पलटणीत होतं.

"आणि मी टे नदीवर सामन मासे धरायला जातो तेव्हा गळाला जे पीस बांधतो, तेही हेकल. आता बघा, एका शब्दात फणी, भांडखोर कोंबडा, शूर शिपाई आणि माशाला फसवायचं पीस. यातले तुम्ही कोण ते तुमचं तुम्ही ठरवा. मासा मात्र मीच आहे, हे मला इथे बसल्या बसल्या कळून चुकलंय."

सभागृह कोसळलं. म्हातारे हेकलर एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. वॉटीच्या डोळ्यांना पाणी आलं होतं हसून. सज्जातल्या बायकाही हसल्या.

ग्रिझलच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. यातलं एक अक्षर खोटं असतं तर बरं झालं असतं. सगळं खरं होतं. तिच्या बापानं खोकत खोकत, बोटांना चिंध्या बांधून जो शब्द आयुष्यभर ओढला, तो या माणसानं पुस्तकातून काढून, पुसून, एकही दात न ठेवता लोकांच्या हातात खेळायला दिला होता. लाल तुरा म्हणे. तिचा धाकटा भाऊ तो तुरा टोपीत खोचून वाळवंटात लढायला गेला, आणि परत आला तो नुसता तुरा. तोही हिशेबात धरला यानं. आणि ज्यांचा शब्द होता तेच पुढच्या बाकावर बसून माना डोलवत होते. आपलीच म्हैस आपल्याला दाखवून कोणी बाजारात कौतुक करावं आणि आपण खूश व्हावं, तसं.

सवाल सुरू झाले. आयर्लंडचं काय, दारूच्या दुकानांचं काय, बंदरातल्या गाळाचं काय. पॅटुलो हसत उत्तरं देत होता. टोला आला की टोला. लोकांना मजा येत होती. मग वॉटी इम्री उठला आणि सभा आपोआप गप्प झाली. नॅननं शालीआडून मान वर केली.

"पॅटुलोसाहेब," वॉटी म्हणाला, "माझा सवाल तुमच्या गिरणीविषयी आहे." तो थांबला. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. लोक वाट बघत होते, आणि वाट बघणाऱ्या लोकांसमोर वॉटीला राहवत नसे. "तुमच्याकडे पोरी यंत्रापुढे वेणीफणी करतात म्हणे. तर एवढं सांगा, ती गिरणी आहे का न्हाव्याचं दुकान? न्हावी असाल तर माझी दाढी करून द्या."

हशा असा उसळला की दिवे हलले.

"दाढीची सोय करू, इम्रीसाहेब," पॅटुलो म्हणाला. "पण डोक्याकडे बघता, विंचरायला तुमच्याकडे काही शिल्लक दिसत नाही."

वॉटीला पार टक्कल होतं. लोक बाकांवर लोळायचे बाकी राहिले. वॉटी स्वतःही हसला, टक्कल चोळत चारी दिशांना लवला, आणि खाली बसला. कारण आमच्या हेकलिंगमध्ये तशी चालच पडून गेली होती. हशा मिळाला की जिंकलात, जिंकलात की बसायचं. आधी थोडं मीठ टाकून मग सवाल विचारू, असा त्याचा बेत असेलही. मीठच इतकं चवदार लागलं की बटाटा पानातच राहिला.

शेजारी नॅननं शाल आणखी पुढे ओढली. खाली इतकी माणसं तिच्या हातावर हसत होती, आणि त्यांतल्या निम्म्यांना आपण कशाला हसतोय हे माहीतही नव्हतं.

"दुसरा कोणी मतदार?" अध्यक्षांनी विचारलं.

ग्रिझल उठली. तिनं शालीखालून हेकल काढली आणि सज्जाच्या रुंद कठड्यावर ठेवली, दात वर करून. लाकडावर लाकूड आपटल्याचा दणका झाला. मग एप्रनच्या खिशात हात घालून तिनं गिरणीतून आलेला मूठभर ताग काढला, सारखा केला आणि त्या दातांवर आडवा टाकला. हात बाजूला घेतले.

"ए बाई, खाली बस," खालून कोणीतरी ओरडला. "घरी जा. केटल उतू जात असेल."

"केटल तुम्हीच ठेवता रे घरी," ग्रिझल म्हणाली. "मी गिरणीत असते."

या वेळी सज्जा हसला, एकटा. खालच्यांनी शिट्ट्या घातल्या, पाय आपटले. पहिल्या बाकावरचे म्हातारे मात्र मान मागे टाकून कठड्याकडे बघत होते, आणि एकेक करून त्यांचे पाय थांबले. त्यांतला एक, पाठीत वाकलेला पीटर गौरी, काठीवर रेटून उभा राहिला.

"अध्यक्षमहाराज," तो म्हणाला, "जुडी दातांवर पडलीय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे थांबायचं."

ग्रिझलनं त्या शांततेची वाट पाहिली नाही. गोंधळ चालू असतानाच तिनं तोंड उघडलं, आणि न ओरडता, सपाट, शब्दाशब्दांत जागा सोडून, गाठोड्यांवर बसलेल्या पोरीच्या आवाजात ती बोलली. तो आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला.

"पॅटुलोसाहेब. तुमच्या गिरणीत. यंत्र चालू ठेवून. साफ करायचा हुकूम. कुणाचा?"

"बाईंना सवाल विचारता येत नाही," अध्यक्ष म्हणाले. "कोणा मतदारानं..."

वॉटी धडपडत उठला. "मी मतदार आहे. हाच सवाल मी विचा..."

"बसा, काका," ग्रिझल म्हणाली. "तुमचा सवाल झाला."

वॉटी बसला.

पॅटुलो हे सगळं हसतमुखानं बघत होता. बाईमाणसाशी अदबीनं वागण्यात दोन मतं वाढली तर वाढली, असा त्याचा हिशेब असावा. त्यानं अध्यक्षांना हातानं थांबवलं.

"उत्तर द्यायला माझी हरकत नाही. बाई, तुम्ही गिरणीतल्या दिसता, तेव्हा तुम्हाला सांगायला नकोच. सफाईसाठी यंत्र या गावातली कोणतीच गिरणी थांबवत नाही. दर वेळी थांबवत बसलो तर दिवसाचं काम निम्म्यावर येईल, आणि इथे बसलेल्या कितीतरी घरांतली चूल विझेल. पोरींनी जपून हात घालायचा असतो."

"म्हणजे हुकूम तुमचा."

"हुकूम म्हणजे... ती पद्धत आहे."

"ती कुणी घालून दिली?"

"मीच दिली असणार. गिरणी माझी आहे." तो पुन्हा हसला, पण खाली कोणी हसलं नाही.

"माझी नॅन केस विंचरत होती म्हणून सांगतात. तुम्ही पाहिलंत?"

"मी नाही. मॅनेजरनं सांगितलं."

"तो कुठे होता?"

पॅटुलोनं मागे बसलेल्या मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर आपल्या टोपीकडे बघत होता. "ऑफिसात," पॅटुलो म्हणाला. आणि ते म्हणता म्हणता आपण काय म्हणतोय, हे त्याला कळलं असावं, कारण त्यानं पाण्याचा पेला उचलला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं झालं. जे गावाला तीन महिने ठाऊक होतं आणि जे कोणी बोलत नव्हतं, ते मालकानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. नॅन विंचरत नव्हती. नॅन सांगितलेलं काम करत होती. ग्रिझलनं कठडा धरला. तिला वाटलं, झालं. आता हे लोक उठतील.

"सवाल संपले असतील तर," अध्यक्ष घाईघाईनं म्हणाले, "श्री. पॅटुलो यांच्यावर या सभेचा विश्वास आहे, असा ठराव मांडतो. बाजूने असलेल्यांनी हात वर करावेत."

आधी मागून एक हात वर आला, मग दोन, मग रांगच्या रांग. काहींनी शेजाऱ्याकडे बघून केला, काहींनी छताकडे बघून. कोणाची मुलगी पॅटुलोकडे होती, कोणाची सून. शिवाय माणूस बोलला किती छान, पलटणीचं नाव किती मानानं घेतलं. वरून बघताना खाली टोप्या दिसेनाशा झाल्या. नुसते हात होते, तळवे पुढे केलेले, पाची बोटं शाबूत असलेले. आणि पहिल्या बाकावर, खांद्याच्या फार वर नाही, पण वर, वॉटी इम्रीचा हात होता.

"विरोधात?" अध्यक्षांनी रीत म्हणून विचारलं.

नॅन उठली. तिनं शालीतून उजवा हात काढला आणि सरळ वर केला. बाही खाली घसरली. मनगटापुढे काही नव्हतं.

अध्यक्षांनी वर पाहिलं आणि लगेच नजर कागदात घातली. "सज्जातले हात मोजायचे नसतात," ते म्हणाले.

"मोजू नका, साहेब," ग्रिझल म्हणाली. "तो हात नाहीच. हात तुमच्या उमेदवाराच्या गिरणीत राहिलाय."

खाली दोनचार जणांनी अजून वर असलेले हात झटकन खाली घेतले, आणि नंतर ते कुठे ठेवावेत हे त्यांना सुचेना. ठराव मंजूर झाल्याचं अध्यक्षांनी जाहीर केलं. टाळ्या थोड्या पडल्या, पण पडल्या.

बाहेर पायऱ्यांवर वॉटी वाट बघत उभा होता, टोपी हातात घेऊन.

"ग्रिझल, पोरी. लोक हसायला लागले की माझं भानच जातं, तुला माहीत आहे. मी विचारणार होतो पुढे. देवाशपथ विचारणार होतो." ती थांबली नाही, तेव्हा तो तिच्या बरोबरीनं चालायला लागला. "पण तू जिंकलीस की नाही? वदवलंस त्याच्याकडून. अँड्र्यू असता तर आज नाचला असता. दे ती हेकल इकडे, मी आणतो घरापर्यंत. जड आहे ती."

"जड आहेच. तुम्हाला झेपायची नाही."

तिनं ती छातीशी आडवी धरली होती, दात बाहेर करून, आणि तागाची जुडी तशीच वर, अंगठ्यानं दाबून ठेवलेली. वॉटीनं ते पाहिलं.

"ती उचल आता," तो हळू आवाजात म्हणाला. "रीत आहे. उत्तर मिळालं की ज्यानं टाकली त्यानं उचलायची. पॅटुलोनं दिलं उत्तर."

ग्रिझल थांबली. "पॅटुलोनं दिलं," ती म्हणाली. "तो मालक आहे. त्यानं स्वतःचं पोट सांभाळलं, त्याच्याकडून मी काय वेगळं मागणार होते? काका, तुमच्या मुली त्याच्या गिरणीत नाहीत. त्याचं देणं नाही तुम्हाला, भीती नाही. माझ्या वाचण्यावर तुम्ही महाराणीला सवाल विचारत होता. तुम्ही हात का वर केलात?"

वॉटीनं टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. मागून बाहेर पडणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती आणि कोणी थांबत नव्हतं.

"सगळ्यांनी केला," शेवटी तो म्हणाला.

"मग ही राहू दे दातांवर," ग्रिझल म्हणाली आणि चालायला लागली.

नॅन पुढे गेली होती. कोपऱ्यावरच्या दिव्याखाली थांबून तिनं डोक्यावरची शाल मागे टाकली. कापलेले केस आता बोटभर वाढले होते, चहू दिशांना उभे. दोन बायका समोरून आल्या, त्यांनी बघितलं, आणि नॅननं त्यांच्याकडे तशीच बघत राहून त्यांना रस्ता दिला नाही.

हेकल परत भिंतीवर गेली नाही. ग्रिझलनं ती रस्त्याकडच्या खिडकीच्या फळीवर ठेवली, दात वर करून, ताग आडवा टाकून. त्या खिडकीवरून वॉटी इम्रीला रोज दूध आणायला जावं लागे. पहिले काही दिवस तो आत डोकावून "काय गं पोरी" म्हणायचा. मग नुसता खाकरायचा. मग तो वरच्या गल्लीनं, चढ चढून, लांबच्या वाटेनं जायला लागला.

त्यानंतर कितीतरी सभा झाल्या. वॉटी पुढच्या बाकावर बसायचा, पण सवाल विचारायला उठला नाही. लोक म्हणायचे, म्हातारा थकला. खिडकीतल्या तागावर धूळ बसली, तो पिवळा पडला. नॅन फडकं फिरवताना दातांभोवतीनं फिरवायची आणि जुडीला हात लावत नसे.